रिकाम्या घाण्याचा सोमवार

आवाज कोरडा होता. नांदेडच्या श्रीनगर भागातल्या त्या दुकानाचा काचेचा दरवाजा ढकलून रेवणसिद्ध आत आला, गार हवेने त्याच्या मानेवरचा घाम जागच्या जागी थिजवला, कुणीतरी हातावर चंदनाचं पाणी शिंपडलं, आणि या सगळ्या स्वागताच्या आतून, दुकानाच्या मधोमध काचेच्या कठड्यामागे फिरणाऱ्या लाकडी घाण्यातून तो आवाज आला. लाकडावर लाकूड घासल्याचा, करकरीत, ज्याच्या तळाशी काहीच नव्हतं असा. भरलेल्या घाण्याचा आवाज वेगळा असतो. त्यात आधी दाणा दबल्याची कुरकुर असते, मग हळूहळू ओलसर होत जाणारा एक जड हुंकार असतो, आणि तेल सुटायला लागलं की घाणा जवळजवळ मुका होतो. हे रेवणसिद्धला कुणी शिकवलं नव्हतं. घरात बोलली जाणारी भाषा मुलाला कुणी शिकवत नाही. बैल समोरून गेला. डोळ्यांवर मखमली झापडं, शिंगांना पितळी गोंडे, पाठीवर झूल आणि झुलीवर भरतकामात कंपनीचं नाव. तो वळसा घेऊन पलीकडे गेला, उखळातली लाट, म्हणजे दाणा चिरडणारा लाकडी सोटा, उघड्या भिंतीला पुन्हा घासली, आणि चौदा वर्षांपूर्वी वारलेला बाप पुढच्या खोलीतून, न उठता, न ओरडता, नेहमीच्या सुरात म्हणाला, रेवण, रिकामा फिरायलाय. रेवणसिद्धचा उजवा पाय कठड्याकडे एक पाऊल पडलादेखील. मग त्याला आठवलं की आपलं वय सेहेचाळीस आहे, आपल्या हातात कागदपत्रांची पिशवी आहे, आणि आपण इथे घाणा थांबवायला आलेलो नसून लातूर शहरासाठी असलाच एक घाणा विकत घ्यायला आलो आहोत.

"या सर, घाणोत्रीत स्वागत आहे," तनुजा म्हणाली. गेला महिनाभर ती फोनवरचा आवाज होती. आता त्या आवाजाला पंचविशीचा चेहरा, कंपनीचं हिरवं जाकीट आणि गळ्यात ओळखपत्र मिळालं होतं. तिची मराठी पुण्याची होती, इस्त्री केलेली, कुठेही सुरकुती नसलेली. घाणोत्री हे नाव घाणा आणि गंगोत्री यांचं कलम करून केलेलं होतं, आणि ते ठेवणाऱ्याला या दोन्हींपैकी एकही जागा जवळून पाहण्याची गरज पडलेली नव्हती. तिने त्याला कोपऱ्यातल्या गोल टेबलाशी बसवलं. टेबलावर करारनामा होता, शेजारी पेन, पेनवर तोच बैल. "सगळं तुम्ही वाचलेलंच आहे सर. मशिनरी, फर्निचर, बोर्ड, ट्रेनिंग, सगळं आपलं. तुम्ही फक्त जागा आणि विश्वास द्यायचा." जागा आणि विश्वास यांच्याबरोबर आयुष्यभराची पुंजीही द्यायची होती, पण तो उल्लेख करारात असल्यामुळे बोलण्यात करण्याचं कारण नव्हतं. "एकच सांगते सर, प्रेशर म्हणून नाही. लातूरसाठी उदगीरची एक पार्टी तयार आहे. संध्याकाळी पाचपर्यंत मी त्यांना होल्डवर ठेवलंय, फक्त तुमच्यासाठी." रेवणसिद्धने मान डोलावली. ती मान, हे त्याच्या लक्षात आलं, त्याच्या बापाची होती. एका कंपनीच्या माणसासमोर त्याने ती याआधी डोलताना पाहिली होती.

औशाच्या त्या घरात घाणा मागच्या पडवीत होता. माणसं आपली करडई घेऊन यायची आणि आपलीच करडई गाळली जाईपर्यंत बसून राहायची. विश्वास नव्हता असं नाही, पण तशी रीत होती. आपला दाणा उखळात पडलेला पाहायचा, आपलं तेल उतरताना पाहायचं, बोट बुडवून चाटायचं, आणि पेंड पोत्यात भरून घरच्या म्हशीला न्यायची. त्या दोन-तीन तासांत गावातलं निम्मं बोलणं होऊन जायचं. महादेवप्पा, रेवणसिद्धचा बाप, त्या बोलण्यात फारसा नसायचा. तो पुढच्या खोलीत लिंगपूजा करत असो, जेवत असो की झोपलेला असो, त्याचा एक कान पडवीत असायचा. दाणा संपत आला आणि लाट कोरडी पडली की तो तिथूनच सांगायचा, रिकामा फिरायलाय, आणि जो जवळ असेल त्याने बैल सोडायचा. रिकामा घाणा फिरला की लाकूड लाकडाला खातं, उखळ तापतं, पुढच्या तेलाला करपट वास येतो. कारण एवढंच होतं. पण महादेवप्पाच्या तोंडी ते कारण म्हणून कधी आलं नाही, ते न करायच्या गोष्टींपैकी एक म्हणून आलं, उष्ट्या हाताने लिंगाला शिवायचं नाही तसं. आणि सोमवारी तर जूच उतरवलेलं असायचं. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. सोमवारी बैलाच्या मानेवर लाकूड ठेवायचं नाही, मग दारात करडईची पोती असोत की मामलेदार उभा असो. त्या दिवशी महादेवप्पा झापडं काढून बैलाचे डोळे ओल्या फडक्याने पुसायचा, कपाळाला विभूती लावायचा, आणि मग करायला काही नसल्यामुळे दिवसभर त्याच्याशेजारी बसून राहायचा. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रकारचा, काहीसा अवघडलेला निवांतपणा असायचा. ज्यांनी घाणा कधी पाहिला नाही अशा लोकांनी घाण्याच्या बैलाची उपमा वापरून वापरून इतकी झिजवली होती की कॉलेजात पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा रेवणसिद्धला ती कळलीच नाही. त्याने पाहिलेल्या बैलाला आठवड्यातून एक दिवस होता. उपमेतल्या बैलाला नव्हता.

मग तेल पाकिटातून येऊ लागलं. महादेवप्पाचा यावर स्वतःचा सिद्धान्त होता. किल्लारीच्या भूकंपात मदतीचे ट्रक आले, त्या ट्रकांतून तेलाची पाकिटं आली, आणि तेलाला वास नसला तरी चालतं हे या भागातल्या माणसांना पहिल्यांदा तेव्हा कळलं, असं तो म्हणायचा. सिद्धान्त चुकीचाही असेल. पण करडीचं तेल ज्या घरात शिजतं ते घर रस्त्यावरून ओळखू यायचं, आणि भूकंपानंतर काही वर्षांत रस्त्यावरून एकही घर ओळखू येईना, हे मात्र रेवणसिद्धने नाकाने अनुभवलं होतं. घाणा थांबला. बैल विकला गेला, कुणाला ते घरात कधी बोललं गेलं नाही. आणि मग एका दुपारी जीपमधून एक माणूस आला आणि त्याने महादेवप्पाला पाकिटाच्या तेलाची एजन्सी दिली. दिली हा शब्द त्याचाच. अनामत महादेवप्पाने भरली, गोदाम महादेवप्पाने बांधलं, पण दिली कंपनीने. दारावर पत्र्याचा बोर्ड लागला. त्यावर कंपनीचं नाव हातभर, खाली हसणारं कुटुंब, आणि सगळ्यात खाली, जिथे पावसाचा चिखल उडतो तिथे, बोटाएवढ्या अक्षरांत महादेवप्पाचं नाव. अर्जासाठी त्याने आयुष्यात एकदाच फोटो काढून घेतला. त्या फोटोत तो ज्या नजरेने पाहतो आहे ती नजर रेवणसिद्धने पडवीत कधीच पाहिली नव्हती. ती मंजुरीची वाट पाहणाऱ्या माणसाची नजर होती. काही वर्षांनी कंपनीने लातूरला मोठा वितरक नेमला आणि औशाची एजन्सी काढून घेतली. काढून घ्यायला मात्र कुणी आलं नाही. माल यायचा थांबला, एवढंच. महादेवप्पाने बोर्ड उतरवला, उलटा करून रिकाम्या गोठ्यावर टाकला, आणि त्या गोठ्यात उन्हाळ्याच्या दुपारी आडवं पडलं की रेवणसिद्धच्या तोंडावर ते हातभर नाव असायचं. आढ्यातून खाली बघणारं, हसणाऱ्या कुटुंबासह. बोर्डाच्या खालच्या कडेचं महादेवप्पाचं नाव भिंतीत गेलं होतं.

यानंतर रेवणसिद्धने जे केलं ते एखाद्या गोष्टीत घातलं असतं तर वाचकाने लेखकाला दोष दिला असता. तो रसायनशास्त्र शिकला आणि लातूरच्या एमआयडीसीत तेलाच्या कारखान्यात लागला, आणि त्याला विभाग मिळाला तो वास काढण्याचा. उंच पोलादी टाकीत तेल तापवायचं, हवा ओढून घ्यायची, त्यातून वाफ सोडायची. वाफेबरोबर वास निघून जातो. करडीचा, सरकीचा, सोयाबीनचा, कशाचाही. खाली उरतं ते पाण्यासारखं स्वच्छ आणि कुणाचंच नसलेलं. अठरा-वीस वर्षं त्याने हे उत्तम केलं. बापाच्या धोतराला जो वास होता, पडवीच्या मातीला होता, आईच्या हाताच्या ज्वारीच्या भाकरीवर उतरायचा, तो त्याने टनांनी चिमणीतून सोडून दिला, आणि संध्याकाळी घरी येऊन बिनवासाच्या तेलात केलेली भाजी खाल्ली. मागच्या वर्षी कारखाना बंद पडला. सगळ्यांचा हिशेब झाला, हार झाले, एक भाषण झालं. आणि त्यानंतर एका मोठ्या दुकानात त्याने काचेच्या बाटलीत करडीचं तेल पाहिलं, त्यावर ‘नैसर्गिक सुगंध कायम’ असं लिहिलेलं, साध्या तेलाच्या कितीतरी पट किमतीला. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. जगाने आधी त्याच्याकडून वास काढून घेतला होता, त्याबद्दल पगार दिला होता, आणि आता तोच वास त्याला परत विकत होतं. यात कुठेही कायद्याचा भंग नव्हता. राग यायला निदान एखादा गुन्हा लागतो अशी त्याची समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

स्वतःचा घाणा टाकायचा, हे त्याने तिथेच ठरवलं. बैल नको, मोटारीवर फिरणारा लाकडी घाणा, औसा रोडला एक गाळा. माणसांनी आपली करडई आणावी, बसावं, आपलं तेल बघून न्यावं. शिवकांताने, त्याच्या बायकोने, ते पोळ्या लाटता लाटता ऐकलं. ती एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती, दरवर्षी जूनमध्ये आपल्याला परत बोलावतात की नाही याची वाट पाहायची तिला सवय होती, आणि त्यामुळे स्वप्नांकडे ती तपासायच्या पेपरांसारखं बघायची. "अहो, कोन येऊन बसनार हाय दोन तास? माणसं चहा उभ्यानं पिऊलालीत. आन् तुमच्या बापाचं नाव लई मोठं, मान्य हाय मला, पर औशातल्या चार गल्ल्यांत. लातुरात महादेवप्पा म्हन्लं तर कोन्ता महादेवप्पा म्हन्तेत." मग तिने फोनवर घाणोत्रीची जाहिरात दाखवली. "ही माणसं आधीच बुडून, चुकून, शिकून बसलीत. त्यांच्या चुका करून झाल्यात, आपल्याला परत कराया लागत न्हाईत. नाव कुनाचं का असंना, दुकान तर चालाया पायजे की. एकदाच पैसा हातात आलाय, रेवण्णा. ह्याच्यानंतर काय न्हाई आपल्यापाशी." ती त्याला रेवण्णा फक्त भीती वाटली की म्हणायची. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि ज्या म्हणण्याला उत्तर नसतं ते खरं मानायचं असतं, अशी त्याला शिकवण होती. म्हणून त्याने फोन केला होता. म्हणून तो आज इथे होता.

तो फोन आता टेबलाशी बसल्या बसल्या त्याला शब्दशः आठवू लागला, कारण त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती. तनुजाने त्या पहिल्या फोनवर विचारलं होतं, सर, तुमची स्वतःची स्टोरी काय आहे? त्याला गोष्ट विचारणारं गेल्या वीस वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. बायकोला ती पाठ होती. तो बोलत गेला. पडवी, पेंड, बोट बुडवून चाटणं, आणि सोमवार. सोमवारी जू उतरवणं, ओलं फडकं, विभूती, शेजारी बसून राहणारा बाप. फोनवर तनुजा मध्येमध्ये नुसतं हं म्हणत होती, आणि ते हं त्याला इतकं सहृदय वाटलं होतं की फोन ठेवल्यावर तो गच्चीवर जाऊन उभा राहिला होता. आता भिंतीवर, मातीच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर, वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘सोमवारी आमचा नंदी विसावतो. पिढ्यांची श्रद्धा, थेंबाथेंबात.’ शेजारी एका म्हाताऱ्याचं चित्र होतं, बैलाशेजारी बसलेल्या, फेटा बांधलेल्या, समाधानी. तो महादेवप्पा नव्हता. महादेवप्पा कधी फेटा बांधत नसे, आणि समाधानीही नव्हता. अक्षरांच्या खालून बैल गेला, घंटा वाजली, लाट घासली.

"हे," रेवणसिद्ध म्हणाला.

"आवडलं ना सर?" तनुजाचा चेहरा खरोखरच उजळला. "तुमचीच आहे ती. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, सरप्राइज म्हणून. ब्रँड टीमला इतकी आवडली, सगळ्या आउटलेट्सना लागतेय पुढच्या महिन्यापासून. कोल्हापूरलासुद्धा."

"आज वार कोणता?"

"सोमवार सर. सहीला आपण मुद्दाम सोमवारच घेतला ना. महादेवाचा वार."

"मग हा बैल?"

तिने बैलाकडे पाहिलं, जणू बैलानेच काही विचारलं असावं. "तो विसावलाय सर."

"फिरतोय."

"फिरतोय, पण काम नाही करत. उखळ रिकामं आहे बघा. सोमवारी आपण त्यात दाणाच टाकत नाही. तेच तर वेगळेपण आहे आपलं."

"आणि मंगळवारी?"

"इतर दिवशी मूठभर करडई असते. सुगंधासाठी. तेल तर प्लांटमधूनच येतं, ते करारात आहे सर, स्पष्ट. आपण कुणापासून काहीच लपवत नाही."

हे खरं होतं, आणि त्या खरेपणानेच रेवणसिद्धच्या कानशिलात काहीतरी गार होत गेलं. त्याने करार खरंच वाचला होता. ‘प्रात्यक्षिक घाणा’ असा शब्द त्यात होता, तेलाची टाकी कुठून येईल तेही होतं. लपवलेलं काही नव्हतं. श्रम कोणते आणि विश्रांती कोणती हे ठरवायला आजवरच्या राजांनी फर्मानं काढली, धर्मपीठांनी वाद घातले, कामगारांनी डोकी फोडून घेतली. इथे जाहिरात विभागातल्या कुणा हुशार मुलाने चहाच्या घोटाबरोबर तो प्रश्न निकालात काढला होता. दाणा नसलेलं फिरणं म्हणजे विश्रांती. जू तसंच, झापडं तशीच, वर्तुळ तेवढंच, फक्त आत काही नाही. आणि या शोधाला लागणारा कच्चा माल त्यानेच पुरवला होता, फुकट, गहिवरून. बापाने एकदा गोदाम बांधून दिलं होतं; मुलाने सोमवार दिला. राग धरायला आता तो स्वतःसुद्धा पुरेसा होता. कारण औसा रोडच्या गाळ्यासाठी त्याने बापाचा तो एकमेव फोटो मोठा करून आणलेला होता. बाटलीवर छापायला. मंजुरीची वाट पाहणारी ती नजर, खाली ‘महादेवप्पांचा घाणा’. म्हणजे तोही तेच करणार होता, फक्त लहान टाइपात.

करकर, घंटा, करकर. कठड्याच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बैलवाला बसला होता, मोबाइल बघत. त्याच्या ओळखपत्रावर सिद्धराम आणि खाली ‘वारसा समन्वयक’ असं लिहिलेलं होतं. रेवणसिद्ध उठला. तो उठला तेव्हा त्याने काही ठरवलेलं नव्हतं. पाय पुढे गेले ते इतक्या जुन्या ठिकाणाहून की तिथे ठरवणं पोचत नाही. कठड्याचं फाटक त्याने उघडलं.

"सर, आत कस्टमर अलाउड नाहीत," तनुजा मागून म्हणाली.

"मी कस्टमर कुठंय? मालक व्हायला आलोय की."

सिद्धरामने मान वर केली. "ओ मालक, काय करूलालाव?"

"सोडतोय."

"सोडा की. माझ्या बापाचं काय जातंय." त्याने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "पर तुमच्या मनासारखं हुनार न्हाई, आधीच सांगतो."

बैलाबरोबर दोन पावलं चालत रेवणसिद्धने जुवाची खुंटी, शिवळ, उपसली, जुपणीच्या दोरीची गाठ सोडली. बोटांना गाठ आठवत होती. इथे नायलॉनची दोरी होती, तरी आठवत होती. जू बाजूला झालं. लाट थांबली, आणि तो आवाज बंद झाला तशी सबंध दुकानात एक पोकळी झाली, त्यात गार हवेच्या यंत्राची घरघर ऐकू आली. मग त्याने मखमली झापडं काढली. डोळ्यांच्या कडांना चिपडं साचली होती. त्याने खिशातून रुमाल काढला, आणि रुमाल कोरडा आहे हे लक्षात येऊन त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. तेवढ्यात बैल निघाला. कुणी हाकललं नाही. जू नाही, झापड नाही, समोर लख्ख काच, काचेपलीकडे उन्हातला रस्ता. आणि तो त्याच कडेने, त्याच चालीने, डोकं थोडं आत कलवून, थांबलेल्या घाण्याभोवती फिरू लागला. लग्नाच्या बस्त्याला निघालेलं एक कुटुंब तेल घ्यायला थांबलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने फोन वर धरला.

"म्हन्लं न्हवं मी," सिद्धराम म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "राती गोठ्यातबी दावं हाय तेवढं गोल फिरतंय. झोपंत पाय हालवतंय. ह्या दुकानाची मालकीनबाई म्हन्ते, बरं हाय, गुणी हाय."

"सर, हे फार सुंदर होतं," तनुजा फाटकाशी येऊन म्हणाली. तिचाही फोन हातात होता. "अगदी आतून आलेलं. मी हा व्हिडिओ वापरला तर चालेल ना? मुक्त नंदी, असं काहीतरी."

त्याच्या रागाचंसुद्धा तेल निघत होतं. करायला एकच गोष्ट उरली होती आणि ती त्याने केली. तो बैलाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. थांब, एवढंच त्याला सांगायचं होतं, कुणीतरी थांब. बैल समोरून येत होता, पुसायचे राहिलेले डोळे त्याच्यावर रोखून, आणि त्या डोळ्यांत रेवणसिद्ध दिसत असल्याची काही खूण नव्हती.

"काका, सरका की, लागंल तुमाला."

हे तनुजा म्हणाली. इस्त्री विस्कटली होती. खालून देगलूर-बिलोलीकडच्या बोलीतलं काहीतरी वर आलं होतं, कुठल्या तरी अंगणातलं, जिथे जनावर येताना पाहून मुलगी म्हाताऱ्या माणसाला असंच ओरडली असेल. त्या सकाळचं हे पहिलं वाक्य होतं जे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. रेवणसिद्ध सरकला नाही. बैल त्याच्यापर्यंत आला, त्याचा उष्ण श्वास शर्टावर लागला, आणि मग, खांबाला वळसा घालावा तसा, अर्धं पाऊल बाहेरून, तो त्याला वळसा घालून गेला. पुढच्या फेरीलाही तिथूनच गेला. त्याने आपलं वर्तुळ रेवणसिद्धच्या मापाने थोडं मोठं करून घेतलं होतं, एवढंच.

टेबलावरची पिशवी उचलताना त्याने कराराकडे पाहिलं नाही. तनुजा दारापर्यंत आली. तिचा चेहरा पुन्हा सरळ झाला होता, पण फोन तिने खिशात ठेवला होता. "सर, तुम्ही विचार करा, पाचपर्यंत..."

"उदगीरवाल्यांना लाव बाई फोन," तो म्हणाला. "आणि ती भिंतीवरची ओळ. ती माझ्या बापाची हाय. ती काढ."

"ते माझ्या हातात नाही काका," ती म्हणाली, आणि ते खरं असणार हे त्याला माहीत होतं.

लोहा गेलं तेव्हा एसटी रिकामी होत आली होती. खिडकीची काच सैल होती आणि प्रत्येक खड्ड्याला करकरत होती. तो आवाज त्याने अहमदपूरपर्यंत ऐकला आणि रागाने त्याला झोप येऊ दिली नाही. राग आता कुणावर आहे ते त्याला नीट सांगता आलं नसतं. जीपमधल्या माणसावर, चिमणीवर, भिंतीवरच्या समाधानी म्हाताऱ्यावर, स्वतःच्या गहिवरावर. आणि सगळ्यात जास्त, हे त्याने स्वतःशी कबूल केलं, त्या बैलावर. त्याला सोडलं होतं आणि तो गेला नव्हता. चाकूरजवळ शिवकांताचा फोन आला.

"झाली का सही?"

"न्हाई."

पलीकडे शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका होता. "मला वाटलंच," ती म्हणाली. "सकाळी निघताना तुमी दुकानातनं आनलेल्या करडीच्या तेलाचा हात रुमालाला पुसला, वास संगं घेऊन निघालाव, तवाच वाटलं. आता?"

"गाळा बघायचा. मोटारीचा घाणा."

"बुडालो म्हंजी?"

"बुडालो तर आपल्या तेलात बुडू. लोकांच्या न्हाई."

"लई सोपं हाय तुमाला बोलाया. जूनमधी मला न्हाई बोलावलं तर तेल पिऊन ऱ्हायचं का." ती रडत नव्हती, तोंडाने आकडे न काढता हिशेब करत होती. "बरं. बापाचा फोटू छापायला दिलाव का?"

"छापायचा न्हाई."

"मग नाव काय लावताव?"

"नाव न्हाई. करडीचं तेल गाळून मिळेल, एवढंच लिहायचं. आन् खाली, सोमवारी बंद."

"सोमवारी?" आता तिचा आवाज चढला, आणि तो चढला याचं त्याला बरं वाटलं. "अहो, सिद्धेश्वराच्या देवळाला जानाऱ्या बाया साऱ्या सोमवारी भाईर पडतेत. जरा डोकं हाय का न्हाई? आन् बैल कुठाय तुमच्याकडं? मोटारीच्या मानंवर कुठं जू असतंय? मोटारीला कसला आलाय सोमवार?"

तिच्या म्हणण्याला उत्तर नव्हतं, आणि ज्या म्हणण्याला उत्तर नसतं ते खरं मानायचं असतं. खिडकीची काच करकरत होती. त्याने हात लावून ती दाबून धरली.

"तरीबी बंद," तो म्हणाला.